आर्थिक विचारांचा इतिहास शिकायला घेताना

भांडवलशाहीच्या इतिहासाकडे वळणारे बरेच जण बाजू आधी ठरवून येतात, वाचन मागाहून. नव्यांना माझं सांगणं असतं की सिद्धान्त त्या काळच्या व्यवहाराशी ताडून वाचा आणि सारांशात गाळलेली पानं मुद्दाम शोधा.

अ‍ॅडम स्मिथच घ्या. १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मधला टाचण्यांचा कारखाना सगळ्यांना पाठ असतो: दहा माणसं, कामाची वाटणी, दिवसाला ४८ हजार टाचण्या. आमच्या वर्गात स्मिथ तिथंच आटोपला. पुढे मूळ ग्रंथाच्या पाचव्या भागात पोचलो, तर हाच गृहस्थ म्हणतो की जन्मभर एकदोन साध्या क्रिया करत राहणारा माणूस कमालीचा मठ्ठ आणि अज्ञानी होतो. सरकारने लक्ष घातलं नाही तर कष्टकऱ्यांची हीच गत होणार. ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीलाही त्याने चांगलंच झोडपलंय. आणि तो सुप्रसिद्ध ‘अदृश्य हात’ (स्वतःचा फायदा बघणाऱ्याकडून नकळत समाजाचंही भलं करवून घेणारा) अख्ख्या जाडजूड ग्रंथात एकदाच येतो!

इंग्रज अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डोचं परदेशी व्यापाराचं १८१७ मधलं उदाहरण असंच अर्धं शिकवलं जातं. ठरावीक कापडासाठी इंग्लंडला वर्षभर १०० माणसं लागतात, वाइनसाठी १२०; पोर्तुगालला अनुक्रमे ९० आणि ८०. म्हणजे दोन्हींत पोर्तुगाल सरस. तरीही इंग्लंडने कापड आणि पोर्तुगालने वाइन अशी कामं वाटून घेतली तर दोघांचा फायदा. गणित चोख आहे. पण हेच दोन देश का? १७०३ च्या मेथ्युएन कराराने इंग्रजी लोकरी कापड आणि पोर्तुगीज वाइन यांचा सौदा आधीच पक्का केला होता. शिवाय भांडवल सहसा देश सोडत नाही या अटीवर हे गणित उभं आहे, असं रिकार्डोने स्वतःच सांगितलंय. आकडे परीक्षेत येतात, अट कुणी विचारत नाही.

मार्क्सचं ‘कॅपिटल’ (१८६७) पहिल्या पानापासून वाचू नका. मूल्याच्या चर्चेतच बहुतेक जण गळतात. पहिल्या खंडाच्या शेवटी आदिम संचयाचा, म्हणजे भांडवल मुळात कसं जमलं याचा भाग आहे, तो आधी घ्या. सामाईक जमिनींना कुंपणं कशी पडली आणि कारखान्यांना मजूर कुठून मिळाले, ते तिथं कळतं. (मार्क्स वाचला की माणूस मार्क्सवादी होतो, अशी भीती घरच्यांना असते. होत नाही.)

१८७१ ला जेव्हन्स आणि मेंगर, १८७४ ला वालरा या अर्थतज्ज्ञांचे ग्रंथ आले, तसे जमीनदार-मजूर-भांडवलदार हे वर्ग मागे सरले आणि उपयोगिता, म्हणजे वस्तूतून मिळणारं समाधान मोजणारा ग्राहक पुढे आला. इथं गणिताला बिचकून इतिहासात दडी मारू नका. सीमान्त उपयोगिता (वस्तूच्या आणखी एका नगातून मिळणारं जादा समाधान) धड न समजता तिच्यावर केलेली टीका तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते.