चढावर एक्सिलेटरवर गाडी धरू नका: ऑटोमॅटिक आणि स्टार्ट-स्टॉपच्या या चुका टाळा

गोव्यात ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या आणि त्यांच्यासोबत दोन सल्लेही फुकट वाटले जाऊ लागले. पहिला, ‘क्लच नाही, म्हणजे कटकट नाही.’ दुसरा, स्टार्ट-स्टॉपबद्दल, ‘सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं ना, ते बटण आधी बंद करून टाक.’ पहिला सल्ला निम्म्या गाड्यांना लागूच होत नाही. दुसरा काही ठिकाणी बरोबर आहे, पण देणाऱ्याला तो कुठे बरोबर आहे हे माहीत नसतं.

मुळात ‘ऑटोमॅटिक’ ही एक वस्तू नाही. आपल्याकडे चार प्रकार चालतात. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स. त्यात क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम एक यंत्रणा करते. भारतात ही २०१४ साली सेलेरिओतून आली आणि स्वस्त असल्यामुळे घराघरांत पोचली. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात, बऱ्याच गाड्यांत कोरडे, काहींत तेलात बुडालेले. सीव्हीटीत दोन पुल्यांमध्ये पोलादी पट्टा फिरतो. आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणारं माध्यम तेल असतं. लिव्हरवर ‘पी’ (पार्क) नसेल, नुसतं आर, एन, डी असेल, तर ती बहुधा एएमटी. बाकीच्यांचा प्रकार गाडीच्या पुस्तकात लिहिलेला असतो. ते पान वाचल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

चढावर एक्सिलेटरवर गाडी धरणं

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि सगळ्यात जास्त दिसते. पणजीतल्या आल्तिनोच्या चढावर, चोर्ला घाटात ट्रकमागे, आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर तर रोजच.

दिवाडी बेटाचा फेरीधक्का घ्या. ओहोटी असली की उताराचा जास्त भाग उघडा पडतो, खालचा पट्टा ओला आणि शेवाळलेला असतो. फेरी लागली की आतल्या गाड्या धक्क्यावर चढू लागतात. पुढची स्कूटर अडकते, मागचा एएमटीवाला थांबतो, पण ब्रेकवर थांबत नाही. एक्सिलेटर हलकेच दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरतो, कारण पाय ब्रेकवरून काढला की गाडी मागे पाण्याकडे जाईल ही भीती. त्या वेळी चाकं थांबलेली असतात आणि इंजिन फिरत असतं. हा फरक क्लचप्लेट घासून भरून काढते. कोरडी प्लेट अशी घासली तर मिनिटा-दोन मिनिटांत तिचं तापमान सहज दोनशे अंशांच्या वर जातं. आधी जळका वास येतो, मग डॅशबोर्डवर इशारा, मग गाडी थरथरत पुढे सरकते. तरीही माणूस रेटतो, कारण मागे हॉर्न वाजत असतात. प्लेट एकदा काचेसारखी गुळगुळीत झाली की तिची पकड परत येत नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत क्लच सेट, रिलीज बेअरिंग आणि मजुरी, असा सगळा खर्च समोर उभा राहतो.

इथे एक दुसरं नुकसानही होतं. स्वस्तात पडतं म्हणून क्लच कुठल्याही गॅरेजात बदलला जातो. प्लेट बसवायला सगळ्यांना येते. पण एएमटी आणि डीसीटीत नव्या प्लेटची पकड नेमकी कुठे सुरू होते, हे स्कॅनर लावून कॉम्प्युटरला शिकवावं लागतं. ते केलं नाही तर नवा क्लच पहिल्या दिवसापासून झटके देतो, आणि मालक म्हणतो एएमटीच वाईट. काम देण्याआधी विचारा: क्लच लर्निंगचं यंत्र आहे का? ‘चालवत राहा, आपोआप बसेल’ असं उत्तर मिळालं तर गाडी दुसरीकडे न्या.

चढावर करायचं ते असं. थांबायचं असेल तर पूर्ण ब्रेक. निघताना हँडब्रेक वर, पाय एक्सिलेटरवर, इंजिनाचा आवाज बदलून बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटलं की हँडब्रेक सोडा. हिल-होल्ड (चढावर ब्रेक धरून ठेवणारी सोय) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बहुतेक गाड्यांत तो सुमारे दोन सेकंदच धरतो. सपाट रस्त्यावरही एएमटी आणि कोरड्या डीसीटीला रांगेत इंच-इंच सरकवू नका, कारण त्यांचं सरकणं म्हणजेच क्लच घासणं. पुढे गाडीभर जागा होऊ द्या आणि मग एकदाच निघा. मधे कोणी स्कूटर घुसवेल, घुसवू द्या. टॉर्क कन्व्हर्टरला रांगेतल्या सरकण्याने काही होत नाही, आणि पुढे टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या सीव्हीटीलाही नाही. पण चढावर एक्सिलेटरवर धरलं तर त्यांचंही तेल तापतं.

वास आलाच तर बाजूला घ्या, न्यूट्रल, हँडब्रेक, आणि इंजिन चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. इंजिन बंद केलं तर फिरणाऱ्या फ्लायव्हीलमुळे मिळणारी हवाही बंद होते.

स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत साधी बॅटरी

स्टार्ट-स्टॉपच्या निम्म्या तक्रारी खरं तर बॅटरीच्या असतात. या गाड्यांना वारंवार चालू-बंद झेपणारी खास, ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते. दिवसात अनेकदा इंजिन उठवायचं, मधल्या काळात दिवे, पंखा आणि स्क्रीन चालवायचं, आणि पुन्हा भराभर चार्ज व्हायचं, हे साध्या बॅटरीला झेपत नाही. ईएफबीच्या जागी ईएफबी आणि एजीएमच्या जागी एजीएम, इतका सरळ नियम आहे. पण दुकानात ‘माप तेच, अँपिअर-अवर तेच, दोन हजार कमी’ म्हटलं की हात साध्या बॅटरीकडे जातो. ती लवकरच बसते आणि दोष सिस्टिमवर येतो.

आपल्याकडे याला एक खास कारण आहे. घरात कोणी तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) असेल तर त्याची गाडी सहा-सहा महिने शेडमध्ये उभी असते. बंद गाडीही अलार्म, लॉक आणि कॉम्प्युटरसाठी ३० मिलीअँपिअरच्या आसपास वीज खाते. हिशेब करा: महिन्याला सुमारे २२ अँपिअर-अवर. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी महिन्यात निम्मी रिकामी. त्यात समुद्राची खारी हवा, टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी. चवथीला (गणेशचतुर्थीला) माणूस घरी येतो, शेजारच्याच्या गाडीवरून जंप देऊन चालू करतो आणि बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन येतो. बॅटरी भरतच नाही. स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, म्हणून तो सेन्सर बिघडला असं ठरवतो. सेन्सर आपलं काम चोख करत असतो: चार्ज कमी असला की इंजिन बंद करायचं नाही, हाच त्याला दिलेला आदेश आहे. स्टार्ट-स्टॉप अचानक गप्प झाला तर आधी बॅटरी तपासा.

मल्टिमीटर स्वस्त मिळतो, घरात ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली असेल तर इजा होते आहे. अर्ध्याच्या खाली गेलेली बॅटरी रस्त्यावर अर्धा तास फिरून भरत नाही. एजीएमची सोय असलेल्या चार्जरवर दहा-बारा तास लावा. चार्जरचा किंवा जंपचा काळा चिमटा बॅटरीच्या ऋण टोकावर लावू नका, बोनेटखालच्या धातूच्या अर्थ पॉइंटवर लावा. ऋण टोकावर सेन्सर बसलेला असतो. चिमटा तिथेच लावला की आत गेलेला चार्ज त्याच्या हिशेबात येत नाही. बॅटरी बदलल्यावर काही गाड्यांना स्कॅनरने नोंद द्यावी लागते, काहींना चार तास लॉक करून उभं ठेवलं की सेन्सर स्वतःच शिकतो. पुस्तकात बघा.

बटण कायमचं बंद, की कायमचं चालू?

दोन्ही चूक. ‘सारखं बंद-चालू करून इंजिन झिजतं’ ही भीती सोडा. या गाड्यांचा स्टार्टर आणि बेअरिंग जास्त वेळा चालू होण्यासाठीच बनवलेली असतात, आणि गरम इंजिन पुन्हा उठवणं म्हणजे सकाळची थंड सुरुवात नव्हे. पण बचतीचंही स्तोम नको. छोटं पेट्रोल इंजिन उभ्या उभ्या तासाला साधारण पाऊण लिटर पितं, म्हणजे मिनिटाला बारा-तेरा मिलिलिटर. थांबा दहा सेकंदांहून मोठा असेल तरच फायदा. पणजीतल्या लांब सिग्नलला आहे, पर्वरीच्या रांगेत दर चार सेकंदांनी सरकताना नाही. तिथे ब्रेक हलका दाबा. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन बंद व्हायला ब्रेक खोलवर दाबावा लागतो. ती सवय पायाला लागली की बटणाची गरज पडत नाही.

बटण बंद ठेवायच्या जागाही आहेत. फेरीच्या उतारावर जाण्याआधी. तुंबलेल्या पाण्यात शिरण्याआधी, कारण तिथे इंजिन थांबलं तर सायलेन्सरमधून पाणी आत येतं, आणि बंद पडलेलं इंजिन पाण्यात पुन्हा चालू करायचं नसतं. आणि जुलैच्या पावसात रात्री. इंजिन थांबलं की बहुतेक गाड्यांचा कॉम्प्रेसर थांबतो, पण पंखा वाहत राहतो. कूलिंग कॉइलवरचं पाणी वाफ होऊन केबिनमध्ये येतं आणि सिग्नल सुटेपर्यंत पुढची काच आतून धुरकट झालेली असते. पुढच्या काचेचा डीफॉग लावा, बहुतेक गाड्यांत तेवढ्याने स्टार्ट-स्टॉप थांबतो.

स्टार्ट-स्टॉप बंद पाडायला बोनेटचा स्विच काढून ठेवायची युक्ती मात्र करू नका. त्याने अलार्मही लंगडा होतो. ऑनलाइन मिळणाऱ्या वायरी खोवून वॉरंटी घालवू नका. बटण दाबायला एक सेकंद लागतो. ज्यांना तोही धीर नाही, त्यांनी गाडीत बसून निघायची घाईच कमी करावी.

बाकीच्या, थोडक्यात

घाट उतरताना न्यूट्रल नको. गिअरमध्ये पाय सोडला की इंजेक्शन इंधन तोडतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन पेट्रोल पीत राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. अनमोड किंवा चोर्ला उतरताना एल (लो) किंवा मॅन्युअलमध्ये दुसरा-तिसरा गिअर.

उतारावर लावताना थेट ‘पी’ नको. ब्रेक, न्यूट्रल, हँडब्रेक, ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, मग पी. नाहीतर सगळं वजन बोटाएवढ्या खिट्टीवर येतं. एएमटीला पी नाही, म्हणून गिअरमध्ये ठेवून बंद करा.

आर आणि डी बदलताना गाडी पूर्ण थांबलेली हवी. भाड्याच्या काळ्या पाटीच्या गाड्यांत सगळ्यात जास्त मार इथेच बसतो.

एकच पाय वापरा. डावा पाय ब्रेकवर आणि उजवा एक्सिलेटरवर म्हणजे दोन्ही एकदम दाबले जाणारच.

इंजिन गप्प आहे म्हणजे गाडी बंद आहे असं नव्हे. डी मध्ये इंजिन थांबलेलं असताना दार उघडून उतरू नका. आधी हँडब्रेक, पी, मग इग्निशन बंद.

‘लाइफटाइम’ तेलावर विश्वास ठेवू नका. घाट, दमट हवा आणि रांग असं वापरणं असेल तर टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीचं तेल ४० ते ६० हजार किलोमीटरला बदला. एका निचऱ्यात साधारण निम्मंच निघतं. पातळी गाडी सपाट उभी करून, ठरलेल्या तापमानाला आणि इंजिन चालू ठेवूनच बघतात. सीव्हीटीत साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) घालू नका, पट्टा घसरतो आणि पुल्या ओरखडतात. डब्यावरचं नाव पुस्तकाशी जुळवा: होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-२, निसानच्या सीव्हीटीला एनएस-३.

बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरीने ओढू नका. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत इंजिन बंद असलं की तेलाचा पंप बंद, आणि चाकांबरोबर फिरणारे भाग कोरडे घासतात. फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा, नाहीतर निदान इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं (बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची) उचलून न्या.