चौदाव्या दिवसापासून काय करायचं

आमच्याकडची तेराव्याची माणसं दुपारी चारच्या सुमाराला पांगली. भाड्याची पातेली आणि सतरंज्या टेम्पोत चढल्या, धाकटी जाऊ सगळ्यांत शेवटी निघाली आणि मी दार लावलं. दारामागे ह्यांच्या चपला तशाच होत्या. तेरा दिवस घर भरलेलं होतं, पुढचा प्रत्येक तास कोणीतरी ठरवून देत होतं. चौदाव्या दिवशी काय करायचं, हे मात्र कोणी सांगून गेलं नव्हतं. त्याला आता सहा वर्षं झाली. माझी भाची कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. शोकावर जे संशोधन झालंय ते मी तिच्याजवळ बसून समजून घेतलं. त्यातलं जे जगून पटलं तेवढंच इथे सांगते.

पायऱ्या मोजू नका. नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार ह्या पाच अवस्था तुम्हाला कोणीतरी ऐकवणारच. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसांना त्या नंतर लावल्या गेल्या, आणि आपलं दुःख त्या क्रमाने चालत नाही. आपल्या नाशकात याहून चांगलं माप आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण विचारतो, नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलंय? गुडघ्याला, कमरेला, छातीला. ओसरतं, आणि वर पाऊस झाला की पुन्हा चढतं. म्हणून गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, काही चुकलं असं कोणी म्हणत नाही. सकाळी उठल्यावर ‘मी सावरले का’ असं स्वतःला विचारू नका. आज पाणी कुठवर आहे, एवढंच बघा. कमरेच्या वर असेल तर त्या दिवशी बँकेत जाऊ नका, कशावर सही करू नका. अंघोळ, दोन घास आणि एक फोन एवढं झालं तरी तो दिवस पार पडला.

पाणी खाली असेल त्या दिवशी कागद काढा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला लागते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या. बँक, विमा, पेन्शन, गॅस, जो तो वेगळी प्रत मागतो. मी सकाळी अकरा ते एक कागदांची फाईल घेऊन बसायची आणि दुपारी ह्यांचा चेक्सचा शर्ट मांडीवर घेऊन रडायची. वीजबिलावरचं नाव बदलायच्या रांगेत मला दोन तास त्यांची आठवणच आली नाही, आणि घरी आल्यावर त्याची एवढी शरम वाटली की मी जेवले नाही. तेव्हा मला हे ठाऊक असायला हवं होतं: मार्गारेट श्ट्रोबं आणि हेंक शुट या नेदरलँडमधल्या दोन संशोधकांनी १९९९ साली मांडलं की शोकातलं मन दोन बाजूंना येरझारा घालतं. एकीकडे गेलेलं माणूस, दुसरीकडे उरलेलं जगणं. ह्या येरझारांतूनच माणूस निभावतं. म्हणून मालिका बघताना हसू आलं तर हसा. रडणं उद्या आहेच.

जो रडत नाही त्याला रडवू नका. ही चूक मी केली आहे. माझा मुलगा दहाव्यालाही रडला नाही, आणि मी महिनाभर त्याच्या मागे होते, ‘एकदा मोकळा हो रे बाबा.’ तो खाली जाऊन वडिलांची स्कूटर उघडून बसायचा, कार्बोरेटर साफ करायचा. मला वाटायचं, हा आत दाबून ठेवतोय, पुढे कधीतरी फुटणार. हेलेन डॉइच या मनोविश्लेषक बाईंनी १९३७ साली हेच लिहिलं होतं आणि नंतर पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांनी ते धरून ठेवलं. जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांनी पुढे वयस्क जोडप्यांच्या एका अभ्यासातली माहिती तपासली. त्यात जोडीदार जाण्याच्या आधीपासून माणसांशी बोललेलं होतं. मागे राहिलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे आधीही आणि नंतरही बऱ्यापैकी उभेच होते, आणि त्यांचं दुःख उशिरा उफाळून आलं असंही दिसलं नाही. त्यांना जोडीदाराची ओढ नव्हती असं नाही. ते उभे राहून दुःख करत होते. माझा मुलगाही तेच करत होता. मी त्याची माफी मागितली.

गेलेल्या माणसाशी बोला. रामकुंडावर दहाव्याच्या दिवशी पिंड मांडले आणि कावळा शिवेना. पाऊण तास गेला. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. दीर बोलले, मुलगा बोलला. मग मी हात जोडून मोठ्याने म्हणाले, “दुकानाची उधारी मी फेडीन, तुम्ही काळजी करू नका.” कावळा कशाने आला ते मला सांगता येणार नाही. पण चारचौघांत त्यांच्याशी बोलायची मुभा त्या दिवशी मला मिळाली, आणि ती मी सोडलेली नाही. फ्रॉइडने १९१७ साली लिहिलं होतं की गेलेल्यापासून मन सोडवून घेणं हेच शोकाचं काम. १९९६ मध्ये डेनिस क्लास या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट दाखवून दिलं, की बहुतेक माणसं नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलतं. उधारीचा शेवटचा हप्ता दिला तेव्हा मी घाटावर जाऊन त्यांना सांगून आले. तुमच्याही माणसाची एखादी जबाबदारी घ्या, आणि झाली की त्यांना सांगा.

बाईचा नवरा गेला असेल तर तिला हळदीकुंकवाला बोलवा. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारनेही पाठोपाठ परिपत्रक काढलं. पण बोलावणं सोसायटीतल्या बायकांच्या हातात असतं. माझ्या मजल्यावर मला वगळून वाण वाटलं गेलं, तो दिवस तेराव्यापेक्षा जड गेला.

लहान मुलांना ‘आजोबा झोपले’ म्हणू नका, ती झोपायला घाबरतात. मेले, आता परत येणार नाहीत, असं जवळ घेऊन सांगा.

आणि मदत घ्यायला कधी थांबायचं नाही तेही सांगते. वर्ष उलटलं तरी रोज, दिवसभर तीच ओढ असेल, तो गेला हेच खरं वाटत नसेल, आपलंही काही मेलंय असं वाटत असेल, घरातली कामं होत नसतील, तर त्याला प्रदीर्घ शोक म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०२२ पासून त्याचं नाव आहे; मोठ्यांसाठी एक वर्ष, मुलांसाठी सहा महिने. त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

शेजाऱ्यांनो, तुम्ही तेराव्यापर्यंत सगळं केलंत. आता विसाव्या दिवशी मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन जा. गेलेल्याचं नाव घ्या, त्याची एखादी गोष्ट सांगा. तिला रडू आलं तर बसून राहा. ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका, ती सांगणार नाही. तिला म्हणा, “बुधवारी दहाला गंगेवर बाजाराला चाललेय, तुझी पिशवी घेऊन खाली ये.”