टूरिंग बाईकच्या विंडशील्डची योग्य उंची कशी ठरवावी

हेल्मेट घालून नेहमीसारखं बसलात की काचेची वरची कड तुमच्या नाकाच्या शेंड्याच्या रेषेत यायला हवी. त्याच्या बरीच वर गेली, तर तुम्ही काचेवरून नाही, काचेतून रस्ता पाहता. फार खाली राहिली, तर वारा दिवसभर छातीवर नाहीतर गळ्यावर बसतो. सुरुवात करायला एवढा नियम पुरेसा आहे. पण दुकानात बहुतेक वेळा गाडीचं मॉडेल विचारतात, तुमची उंची विचारत नाहीत, आणि सीटपासून डोळ्यांपर्यंतचं अंतर तर कुणीच विचारत नाही. वर सल्ला मिळतो, "सर्वांत मोठी लावा, आराम वाटेल." हा सल्ला मला मनापासून खटकतो. मोठी काच लावून मान आखडलेली, डोकं ठणकत असलेली माणसं मी सतत पाहतो, आणि त्यांना वाटतं दोष हेल्मेटचा आहे.

काचेतून का पाहायचं नाही, ते आधी सांगतो. तिला वायपर नसतो. पावसात थेंब काचेवर आणि हेल्मेटच्या व्हायझरवरही बसतात, म्हणजे दोन ओल्या पडद्यांआडून खड्डा शोधायचा. दिवाळीच्या आधी नागपूरजवळच्या भंडारा रोडने संध्याकाळी या. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, आणि दिवेलागणीला तुडतुड्यांचे थवे काचेवर. वीस मिनिटांत तिच्यावर चिकट थर बसतो आणि समोरच्या ट्रकचा एक दिवा त्या थरावर पसरून सगळी काच पांढरी होते. काचेवरून पाहत असाल तर तुम्हाला फक्त व्हायझर पुसावा लागतो.

मोजमाप

गाडी मेन स्टँडवर ठेवून मोजू नका. तेव्हा सस्पेन्शनवर तुमचा भार नसतो आणि मिळालेला आकडा रस्त्यावर खोटा ठरतो. दोन्ही चाकं जमिनीवर, हँडल सरळ, अंगात रायडिंग जॅकेट, डोक्यात प्रवासातलंच हेल्मेट, बॅगा भरून लावलेल्या. नेहमी डबलसीट जात असाल तर मागच्या माणसालाही बसवा, कारण मागचा भाग दबला की काच मागे कलते आणि सगळी रेषा बदलते. पाठ ताठ करून फोटोसाठी बसू नका. शंभर किलोमीटरनंतर जसे बसता, तसे बसा. मग एखाद्या मित्राला बाजूने तुमच्या नाकाच्या शेंड्यापासून काचेपर्यंत एक सरळ पट्टी आडवी धरायला सांगा. ती काचेला, किंवा काचेच्या वरच्या मोकळ्या जागेत, जिथे येईल तिथली उंची मोजून लिहून घ्या. काच तोकडी असेल तर वर पुठ्ठा चिकटवून अंदाज घ्या, पण तो फक्त उभ्या गाडीवर.

नाकच का, याचा साधा हिशोब आहे. डोळे नाकाच्या शेंड्याच्या साधारण पाच सेंटिमीटर वर असतात आणि काचेची कड चेहऱ्यापासून पन्नास-पंचावन्न सेंटिमीटर पुढे. डोळे जमिनीपासून १३५ सेंटिमीटरच्या आसपास धरले, तर कडेवरून निघालेली नजर सुमारे १५ मीटरवर रस्त्याला टेकते. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे त्या १५ मीटरच्या आतलं पाहून तुम्ही तसंही काही करू शकत नाही. हायवेला हे उत्तम. पण उमरेड-कऱ्हांडल्याकडचे आतले रस्ते, पावसाळ्यात उखडलेले गावरस्ते हे तुमचं मुख्य फिरणं असेल, तर कड हनुवटीच्या रेषेत ठेवा. मग काचेवरून सहा-सात मीटरवरचा रस्ताही दिसतो. वारा थोडा जास्त लागेल, तो सोसा.

वारा कुठे फुटतो

हाच खरा अवघड टप्पा आहे, आणि इथेच मी सर्वांत जास्त काळ अडकून होतो. पट्टीने मोजून कड बरोबर नाकापाशी आणली तरी डोकं हलतंच, असं अनेकांचं होतं. कारण काच वारा अडवून संपवत नाही, त्याला वर उचलते. कडेवरून सुटलेला वारा गुंडाळत, भोवरे करत मागे येतो. त्याच्या वर स्वच्छ, सलग वारा असतो आणि खाली जवळजवळ शांत हवा. मधला भोवऱ्यांचा पट्टा तुमच्या हेल्मेटवर आला की डोकं सेकंदाला कितीतरी वेळा हलतं. रायडर याला बफेटिंग म्हणतात. तुमचं काम त्या पट्ट्यातून डोकं बाहेर काढणं, एवढंच. काच लहान की मोठी, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी आवाज ओळखायला शिका. स्वच्छ वाऱ्याचा आवाज एकसारखा असतो, लांब ओढलेल्या 'सूंऽऽ'सारखा. मोठा असला तरी त्यात चढउतार नसतो. भोवऱ्यांचा आवाज थापांचा असतो, धडधड, आणि त्याबरोबर नजरेसमोरचे मैलाचे दगड थरथरताना दिसतात. लोक आवाज कमी करायच्या मागे लागतात, तिथेच घोळ होतो. घालवायच्या त्या थापा. हेल्मेट स्वच्छ वाऱ्यासाठीच घडवलेलं असतं, त्याला तो सहज पेलतो. म्हणून माझं मत पक्कं आहे: मनासारखी उंच काच मिळत नसेल तर सरळ छोटी लावा. छातीवरचा वारा अडवणारी आणि डोक्याला स्वच्छ हवेत ठेवणारी छोटी काच, अर्धवट उंचीच्या काचेपेक्षा कधीही बरी.

परीक्षा शहरात होत नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० ला जो जाणवतो, ८० ला त्याच्या जवळजवळ पावणेदोनपट होतो. नागपुरातल्या फुटाळा तलावाभोवती चक्कर मारून "मस्त बसली काच" म्हणणं व्यर्थ आहे. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा तो विषय नाही. वर्धा रोडला बुटीबोरी मागे टाकून जामच्या दिशेने जा, किंवा अमरावती रोडला बाजारगावच्या पुढे कोंढाळीकडे. सकाळी सातच्या आत. उन्हाळ्यात दुपारी इथे वारा कुठूनही सुटतो आणि तुमचं निदान बिघडवतो. चौपदरी रस्त्यावर दुचाकीची मर्यादा ८० आहे, त्याच वेगावर परीक्षा घ्या, कारण तुमचा प्रवासही त्याच वेगाने व्हायचा आहे. पुढे ट्रक असेल तर त्याला खूप लांब जाऊ द्या. त्याच्या मागची फुटलेली हवा तुमच्या काचेच्या खात्यात जमा होते.

वेग स्थिर झाला की पाय ठेवायच्या फूटपेगवर किंचित भार देऊन डोकं पाच सेंटिमीटर वर न्या. पाच-दहा सेकंद ऐका. परत बसा. मग तेवढंच खाली वाका आणि पुन्हा ऐका. वर गेल्यावर धडधड थांबून सलग सूं लागला, तर भोवऱ्यांचा पट्टा बसल्या जागी तुमच्या डोक्यावर आहे आणि काच तेवढी खाली यायला हवी. खाली वाकल्यावर शांत झालं, तर काच तेवढीच वर हवी. दोन्हीकडे सुटका होत असेल तर खाली आणण्याचा पर्याय निवडा, नजर मोकळी राहते. परतीच्या बाजूने हेच पुन्हा करा, म्हणजे त्या दिवशीच्या वाऱ्याचा परिणाम वेगळा काढता येतो. हँडलवरून एक हात सोडून काचेवर तळहात धरायचा सल्ला काही जण देतात. तसं करू नका. त्या वेगाला हात झटक्यात मागे फेकला जातो, आणि जे तो हात सांगणार ते कान आणि मान आधीच सांगत असतात.

वर-खाली दोन्ही करूनही थापा तशाच राहिल्या, तर दोष कडेचा नाही. काचेच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि ती पोकळी भरायला मागची हवा उलटी पुढे ओढली जाते. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर लाल लोकरीचे बोटभर धागे घ्या, चार-पाच. दोन टाकीच्या वरच्या भागावर, बाकीचे काचेच्या आतल्या बाजूला, मास्किंग टेपने चिकटवा. शेजारून दुसऱ्या गाडीवर डबलसीट बसलेल्या मित्राला व्हिडिओ काढायला सांगा, स्वतः खाली पाहत बसू नका. टाकीवरचा धागा तुमच्याकडे न येता पुढे काचेकडे झुकलेला दिसला, तर पोकळी तिथे आहे. अशा वेळी काच आणखी उंच केली की त्रास वाढतोच, आणि माणसं नेमकं तेच करतात. उपाय उलटा आहे: काचेच्या बुडाशी हवा येऊ द्या. काच आणि तिच्या ब्रॅकेटच्या मध्ये दहा-पंधरा मिलिमीटरचे नायलॉनचे स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी पोकळ नळकांडी, टाका, बोल्ट तेवढे लांब घ्या. खालून शिरलेली हवा पोकळी भरते आणि थापा विरतात. मागे बसणाऱ्यालाही याचा फरक पडतो, त्याला तर आपल्यापेक्षा जास्त हादरे बसत असतात.

स्पेसरने भागलं नाही तर कल बदला. काच जास्त उभी केली की वारा अधिक वर फेकला जातो, मागे झुकवली की तो सौम्यपणे सरकतो पण कड खाली येते. वरून चिमट्याने लावायचा जोडव्हायझर हाही चांगला मार्ग आहे. तो पाच-सात सेंटिमीटर वर-खाली करून प्रयोग करता येतो आणि नवी काच घ्यायच्या आधी नेमकी किती उंची हवी ते कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, सेंटिमीटरभरच बदला, आणि लिहून ठेवा. उंची, कल आणि हेल्मेट एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. पीक, म्हणजे कपाळावर पुढे आलेली टोपीसारखी पट्टी, असलेलं ॲडव्हेंचर हेल्मेट असेल तर एकदा पीक काढून बघा. पुष्कळदा वारा तिथेच अडकलेला असतो.

वर्सिस ६५० सारख्या गाडीवर काच पान्ह्याशिवाय वर-खाली होते, तिथे हे सगळं एका सकाळीत आटोपतं. मेटिओरसारख्या क्रूझरवर हँडलला धरलेली काच असेल तर सावध राहा. ती हँडलबरोबर वळते, त्यामुळे वारा तिला ढकलतो म्हणजे थेट स्टिअरिंगला ढकलतो. जबलपूर रोडला समोरून कंटेनर गेला की हा धक्का स्पष्ट जाणवतो. अशा गाडीवर हनुवटीच्या वर काच नेऊ नका आणि रुंद काच तर नकोच.

उन्हाळ्याचं काय

"मे महिन्यात काच काढून ठेवा, हवा लागेल," असं आपल्याकडे सर्रास सांगतात. पहाटे फिरणार असाल तर ठीक. पण नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, पारा ४५ च्या घरात असताना येणारा वारा तुमच्या कातडीपेक्षा गरम असतो. तो थंड करत नाही, भाजतो आणि घाम अंगावर टिकू देत नाही. नागपूरकर उन्हात दुपट्टा बांधतात तो याचसाठी. त्या उन्हात छाती झाकणारी काच हवीच, फक्त बुडाशी फट असलेली, नाहीतर इंजिनची धग मांड्यांवर साचते. आणि गाडी उन्हात उभी करताना मीटरवर कापड टाका. वक्र काच ऊन एकवटून मीटरचं प्लास्टिक वितळवू शकते.

कापणं आणि बसवणं

काच उंच निघाली तर कापता येते. दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावून मूळ वक्राला समांतर रेघ आखा, बारीक दाताच्या जिगसॉने हळू कापा, एका वेळी सेंटिमीटरभर, आणि मग पुन्हा रस्त्यावर जाऊन ऐका. कड पॉलिशपेपरने गोल करा. ॲक्रिलिक काच तडकते, तिच्यावर घाई चालत नाही. पॉलिकार्बोनेट चिवट असतं पण त्यावर ओरखडे लवकर उठतात.

बोल्टखाली रबरी वॉशर हवाच, आणि बोल्ट हाताच्या जोरानेच आवळा. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून आट्यांना लावतात ते थ्रेडलॉक पॉलिकार्बोनेटजवळ नेऊ नका, त्याने काचेला बोल्टभोवती बारीक तडे जातात. पेट्रोलचा बोळाही नको. किडे साफ करायला ओलं फडकं दहा मिनिटं काचेवर पसरून ठेवा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. कोरडं घासणं म्हणजे ओरखडे.

काच कितीही बरोबर बसली तरी हायवेच्या वेगाला हेल्मेटमधला आवाज ९० डेसिबलच्या आसपास जातो आणि ८५ च्या वर वारंवार तासन्‌तास राहिल्यास कानांना कायमची इजा होऊ शकते. लांबच्या प्रवासाला फोमचे इअरप्लग घाला. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, आणि ठरलेली उंची, कल, स्पेसरची जाडी गाडीच्या कागदांसोबत लिहून ठेवा. काच तडकून नवी घ्यावी लागली तर दुकानात तोच कागद दाखवायचा.