फिल्टर बेल्टचा क्लिपर जॉइंट: कापणीपासून पिनपर्यंत

ईटीपीतल्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या) बेल्ट प्रेसमध्ये कापडी बेल्ट गाळातलं पाणी पिळून काढतो. या बेल्टच्या दोन्ही टोकांना धातूचे हूक दाबून, त्यांच्या लूपमधून पिन घालून जोडलं की तो क्लिपर जॉइंट. तो तुटला की आधी हूकला दोष दिला जातो. बहुतेक वेळा चूक त्याआधीच झालेली असते: कापड काटकोनात कापलेलं नसतं, नाहीतर हूकचं स्टील त्या पाण्याला चालणारं नसतं.

मुंबईत नागदेवीच्या बाजारात हूक घ्यायला जाल तेव्हा नुसतं ‘एसएसचे द्या’ म्हणू नका. माहुल-तुर्भ्याकडच्या खाऱ्या हवेत आणि क्लोराइड असलेल्या सांडपाण्यात ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात, तिथे ३१६ च लागतं. गाळ बसवायला फेरिक क्लोराइड वापरत असाल तर ३१६ वरही डोळे मिटून भरवसा ठेवू नका. डोस जास्त असेल तर धातूचे हूक सोडून स्पायरल जॉइंटचा (प्लॅस्टिकच्या वेटोळ्यांनी जोडायचा) बेल्ट मागवणं बरं. चुंबक लावून ग्रेड कळत नाही. तार थंड ओढलेली असल्याने चांगलं ३०४ सुद्धा थोडं चिकटतं. ३१६ मध्ये असणारं मॉलिब्डेनम तपासायचं थेंबाचं किट मिळतं, त्याने ३०४ आणि ३१६ वेगळे ओळखता येतात. हूकचा आकार कापडाच्या जाडीवरून ठरतो, म्हणून बेल्टचा तुकडा सोबत न्या.

आता कापणी. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. टेन्शन पूर्ण सोडा, मशीनचा वीजपुरवठा बंद करून कुलूप लावा. बेल्ट सपाट टेबलावर पसरा आणि कापायच्या जागी एक आडवा धागा ओढून काढा. त्याची रिकामी फट हीच तुमची रेघ. मग पडताळा: कड आणि रेघ मिळतात त्या कोपऱ्यापासून कडेवर ८०० मिमी, रेघेवर ६०० मिमी खूण करा, दोन्ही खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर १००० मिमी आलं पाहिजे. काही मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर एक कड लांब, दुसरी आखूड होते. मग बेल्ट सतत एका बाजूला पळतो आणि ट्रॅकिंग (बेल्ट मधोमध ठेवायची यंत्रणा) कितीही फिरवलं तरी ठिकाणावर येत नाही. कापलेली टोकं गरम सुरीने हलकी वितळवून घ्या. जास्त वितळवली तर गाठी होतात आणि हूकचे पाय आत शिरत नाहीत.

हूकचं कार्ड (हूकची तयार पट्टी) लेसिंग मशीनच्या, म्हणजे हूक दाबून बसवायच्या यंत्राच्या, कंगव्यात बसवा, कड हूकच्या तळापर्यंत सारा, मग दाबा. मशीनची रुंदी संपली की पुढचा भाग घ्या, पण सांध्यावर एकही हूक वगळू नका. रिकाम्या जागेवरचा ताण शेजारच्या दोन हूकवर जातो आणि फाटायला तिथूनच सुरुवात होते. दोन्ही कडांना साधारण ५ मिमी जागा सोडा. दाबून झाल्यावर सुती चिंधी जॉइंटवरून दोन्ही बाजूंनी फिरवा. जिथे धागा अडकतो तिथलं टोक वर राहिलंय. तो हूक पुन्हा दाबा, नाहीतर बेल्टवरचा गाळ खरवडणाऱ्या स्क्रॅपरचं पातं त्याला धडकून पात्याला खाच पडेल आणि त्या खाचेतून गाळ बेल्टवर परत जाईल.

पिन घालताना घाई नको. दोन्ही टोकांचे लूप एकमेकांत सारा आणि कडा एका रेषेत आल्या का ते पाहा. एक लूप जरी सरकला तरी कडेला पायरी दिसते. पिन म्हणून नायलॉनचं आवरण असलेली स्टीलची दोरी ही बहुतेक ठिकाणी चांगली निवड; नुसती नायलॉनची पिन लवकर झिजते, नुसती स्टीलची हूकच्या आतल्या बाजूला घासते. पिन बेल्टपेक्षा १०० मिमी लांब घ्या, सारून झाल्यावर दोन्हीकडे कडेच्या जरा आत कापा आणि शेवटचे हूक पक्कडीने किंचित दाबा, म्हणजे पिन सरकून बेल्टच्या कडेला टेकणाऱ्या ट्रॅकिंगच्या पॅडलला लागणार नाही.

पहिला अर्धा तास गाळ सोडू नका. कमी टेन्शनवर, पाण्याचे फवारे चालू ठेवून बेल्ट फिरवा, जॉइंट सरळ राहतोय का ते बघा, मग टेन्शन हळूहळू नेहमीवर आणा. काम बंद करताना स्क्रॅपर सैल करा; वाळलेला गाळ जॉइंटखाली अडकला तर दुसऱ्या दिवशी सुरू होताच हूक उपटतो. आठवड्यातून एकदा कडेचे हूक आणि पिनचं आवरण तपासा. आवरण झिजून आतलं स्टील उघडं पडलं की पिन बदलायची, हूक तुटायची वाट बघायची नाही. एक तयार पिन आणि हूकचं एक कार्ड पॅनेल रूममध्ये कोरड्या डब्यात ठेवलेलं बरं.