रुग्णालयावर बॉम्ब पडल्याची बातमी आलीय? पहिल्या काही तासांत या चुका टाळा

युद्धाला तोंड फुटलं की पहिल्याच रात्री एक ठरावीक मेसेज फिरू लागतो. अमुक शहरात रुग्णालयावर, शाळेवर नाहीतर प्रार्थनास्थळावर बॉम्ब पडला, इतके गेले, व्हिडिओ खाली. पाच मिनिटांत ग्रुपमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, "बघा, काय लायकीचे लोक आहेत." दुसरा म्हणतो, "फेक आहे, प्रपोगंडा." दोघांच्याही हातात पुरावा सारखाच असतो, म्हणजे शून्य. खोटी बातमी पुढे ढकलू नये, हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ झालंय. खरी बातमी घाईघाईने खोटी ठरवण्याबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही.

चूक पहिली: चार प्रश्न एका दमात सोडवणं

हल्ल्याच्या बातमीत चार वेगळे प्रश्न असतात. घडलं का? कशाने घडलं? कोणी केलं? किती गेले? पहिल्याचं उत्तर बहुधा काही तासांत मिळतं. दुसऱ्यासाठी खड्डा, तुकडे, छऱ्यांच्या खुणा पाहाव्या लागतात. तिसऱ्याला महिने लागू शकतात आणि चौथ्याचं उत्तर काही वेळा कधीच हाती येत नाही. आपण मात्र चारही उत्तरं एकाच मथळ्यात मागतो, आणि मथळा देणारे ती देऊनही टाकतात.

17 ऑक्टोबर 2023 ची संध्याकाळ घ्या. गाझा शहरातल्या अल-अहली रुग्णालयात स्फोट झाला. इस्रायलच्या हवाई हल्ल्यात 500 ठार, असं गाझाच्या आरोग्य खात्याचं म्हणणं आलं आणि जगातल्या नावाजलेल्या वृत्तपत्रांनी ते जवळपास जसंच्या तसं वर चढवलं. इस्रायलने सांगितलं की तो इस्लामिक जिहाद या पॅलेस्टिनी सशस्त्र गटाचा भरकटलेला रॉकेट होता. सकाळी उजेडात फोटो आले, तेव्हा इमारत उभी होती. जळाला होता तो पार्किंगचा आवार. गाड्यांचे सांगाडे आणि जमिनीत एक लहानसा खड्डा. मोठ्या हवाई बॉम्बचा खड्डा असा नसतो. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेने नोव्हेंबरमध्ये निष्कर्ष मांडला, की हा पॅलेस्टिनी सशस्त्र गट वापरतात तसला रॉकेट असण्याची शक्यता जास्त आहे, पण पूर्ण तपास हवा. आकडा आरोग्य खात्याने 471 वर आणला. अमेरिकी गुप्तचरांचा अंदाज 100 ते 300 चा होता.

इथवर वाचून "म्हणजे खोटंच होतं की" म्हणणाऱ्यांसाठी पुढचा भाग. रॉकेट हवेत फुटून रुग्णालयावर पडला याचा पुरावा म्हणून जो व्हिडिओ सगळीकडे दाखवला गेला, त्यात दिसणारी वस्तू रुग्णालयावर पडलेलीच नव्हती, असं न्यूयॉर्क टाइम्सच्या पडताळणीत निघालं. म्हणजे आरोपाचा पहिला मथळा घाईचा आणि बचावाचा पहिला पुरावाही कच्चा. त्या आवारात आसऱ्याला आलेली माणसं मेली, एवढं मात्र पहिल्या तासापासून खरं होतं.

उपाय साधा आहे. मेसेज वाचताना चार प्रश्न सुटे करा आणि ज्याचं उत्तर आलंय तेवढंच बोला. "स्फोट झालाय, कोणाचा ते ठरायचंय" हे वाक्य ग्रुपमध्ये मिळमिळीत वाटतं खरं. वाटू द्या.

चूक दुसरी: इनकार आला म्हणजे निकाल लागला

26 एप्रिल 1937 ला स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्बवर्षाव झाला. तिथे यादवी युद्ध चालू होतं. सरकारविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोच्या बाजूने सांगण्यात आलं की आमची विमानं तिकडे गेलीच नाहीत, माघार घेणाऱ्या शत्रूनेच गाव पेटवलं. लंडनच्या द टाइम्सचा बातमीदार जॉर्ज स्टीअर त्याच रात्री तिथे पोचला होता. जर्मन शिक्का असलेली आगलाव्या बॉम्बची नळकांडी त्याने स्वतः पाहिली होती. बॉम्ब फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मनीच्या काँडोर लीजन या हवाई तुकडीचे आणि सोबतच्या इटालियन विमानांचे होते, यावर आज वाद उरलेला नाही. पण गेर्निका ज्या बास्क प्रांतात आहे तिथल्या सरकारने दिलेला 1,654 मृतांचा आकडा पुढच्या इतिहासकारांना टिकवता आला नाही. आज बहुतेक अभ्यासक 150 ते 300 च्या घरात बोलतात. हल्ला खरा, आकडा फुगलेला. ही जोडी वारंवार दिसते, म्हणून आकडा खोटा निघाला की घटनाही खोटी, हा तर्क लावू नका.

उलटही होतं. 3 ऑक्टोबर 2015 ला अफगाणिस्तानात कुंदुझमधल्या डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकी गनशिप विमानाने मारा केला. सुरुवातीला नऊ मृतांची बातमी होती. शेवटी आकडा 42 वर गेला. रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश संस्थेने अमेरिकी लष्कराला आधीच कळवून ठेवले होते. तरी लष्कराचा खुलासा काही दिवसांत अनेकदा बदलला. आधी म्हणाले, परिसरात मारा झाला. मग म्हणाले, अफगाण सैन्याने मदत मागितली होती. अखेरीस आपल्याच साखळीतली चूक म्हणून मान्य केलं. पहिला खुलासा हा पहिल्या आरोपाइतकाच कच्चा माल असतो. कोणत्या बाजूला माहिती मिळण्याची सोय आहे आणि कोणाला लपवण्याची गरज आहे, हे दोन्ही बघून त्याचं वजन करा.

व्हिडिओ खोटा, म्हणून हल्ला खोटा

ही चूक नवी आहे आणि हुशार माणसंच जास्त करतात. 23 जून 2025 ला इस्रायलने तेहरानच्या एविन तुरुंगावर हल्ला केला. लगेच प्रवेशद्वार उडाल्याचा सीसीटीव्हीसारखा दिसणारा व्हिडिओ आला. इस्रायलच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तो टाकला, वृत्तवाहिन्यांनी चालवला. तपासणाऱ्यांना तो एआयने बनवलेला असण्याची दाट शक्यता दिसली. पण हल्ला झालाच होता. इस्रायलने तो नाकारलाही नाही आणि इराणच्या न्यायखात्याने नंतर 71 मृत्यू सांगितले. व्हिडिओ खोटा ठरला तर फक्त व्हिडिओ बाजूला काढा.

बाकी जुने व्हिडिओ ओळखणं त्यामानाने सोपं. मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी आपल्याकडे काय काय फिरलं ते आठवा. गुजरातच्या हजिरा बंदरावरचा 'हल्ला' म्हणून 2021 मधला तेलाच्या टँकरचा स्फोट. भारतावरचा क्षेपणास्त्र हल्ला म्हणून 2020 चा बैरूतचा स्फोट. जालंधरच्या ड्रोन हल्ल्याचा म्हणून जो व्हिडिओ होता तो शेतातल्या आगीचा. त्यावर वेळ होती संध्याकाळी 7.39, आणि ड्रोन हल्ला सुरू झाला त्यानंतर. पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या पडताळणीत ते एवढ्या एका वेळेवरून पकडलं गेलं. व्हिडिओतले दोन-तीन वेगळे क्षण थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सवर टाका. पाट्या, मिनार, विजेचे खांब, गाड्यांच्या नंबरप्लेट बघा. आवाजही ऐका: स्फोटाआधीच किंकाळ्या येत असतील तर ध्वनी वरून चढवलेला आहे.

घड्याळाची गफलत फार होते. पाकिस्तान आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, तेहरान दोन तास, इस्रायल आणि युक्रेन उन्हाळ्यात अडीच तास आणि हिवाळ्यात साडेतीन. उपग्रहाच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात. त्यात साडेपाच तास मिळवल्याशिवाय तारीखसुद्धा चुकते.

आणि नासाच्या आगीच्या नकाशावरचे लाल ठिपके दाखवून "हे बघा बॉम्ब" म्हणणारे! तो नकाशा फक्त उष्णता टिपतो. मे महिन्यात पंजाबवर लाल पुरळ दिसतं ते गव्हाचं काड जाळल्याचं.

अधिकृत खातं, सूत्रं आणि रात्रीची पट्टी

8 मे 2025 च्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं कितीतरी वाहिन्यांनी सांगितलं. त्यात कराची पोर्ट ट्रस्टच्या स्वतःच्या एक्स खात्यावरूनच मोठ्या नुकसानीची पोस्ट आली, म्हणजे लोकांना पक्का दुजोराच मिळाला. नंतर संस्थेने सांगितलं की खातं हॅक झालं होतं. भारतीय नौदलाने 11 मेच्या पत्रकार परिषदेत कराचीसह काही ठिकाणांवर मारा करायच्या तयारीत होतो, असं सांगितलं. मारा केला, असं नाही. चार वाहिन्या एकच बातमी देतात म्हणजे चार स्रोत झाले, असं धरू नका. पहिल्याचा स्रोत कोण ते शोधा. बाकीचे तिघे त्याचीच पट्टी वाचत असतात.

याच दिवसांत पूंछमध्ये तोफमाऱ्यात एका मदरशातले शिक्षक गेले. काही वाहिन्यांनी त्यांना मारला गेलेला दहशतवादी म्हणून दाखवलं. पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला, की ते स्थानिक शिक्षक होते आणि सीमेपलीकडच्या माऱ्यात मारले गेले. मृतांचे फोटो फिरवताना नाव, धर्म, 'ओळख' चिकटवू नका. घरच्यांना मयतासोबत हेही उचलावं लागतं.

आधीच फॉरवर्ड झालं असेल तर

व्हॉट्सअॅपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' साधारण दोन दिवसांपर्यंत चालतं, पण दुसऱ्यांनी पुढे पाठवलेल्या प्रतींना त्याने धक्का लागत नाही. म्हणून नुसतं डिलीट करून गप्प बसू नका. व्हिडिओत मृतदेह दिसत असतील तर काढाच. नाहीतर मूळ मेसेज ठेवा आणि त्यालाच रिप्लाय करून लिहा: "यातला व्हिडिओ 2020 चा आहे. हल्ला झाला की नाही ते अजून कळलेलं नाही." दुसरं वाक्य गाळू नका. आणि जिथे जिथे पाठवलं त्या प्रत्येक ग्रुपमध्ये हे टाका, सोसायटीच्या ग्रुपमध्येसुद्धा, जिथे खाली लगेच कोणीतरी "आता सारवासारव" असं लिहिणार आहे.