बी अ प्रोमध्ये ट्रेड मागताय? या चुका टाळा

सांगलीत बर्फ बघायचा तर रसवंतीत, नाहीतर मासळी बाजारात. तरी विश्रामबागेतल्या गेमिंग कॅफेत संध्याकाळी आइस हॉकी खेळणारी दोन-तीन पोरं हमखास सापडतात. कबड्डी बघत वाढलेल्यांना बॉडी चेक, म्हणजे अंगानं धडक देऊन अडवणं, आवडला नाही तरच नवल. ही पोरं ईए स्पोर्ट्सच्या एनएचएल (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकी लीग) गेममधला 'बी अ प्रो' मोड खेळतात, म्हणजे एकच खेळाडू घ्यायचा आणि त्याची सगळी कारकीर्द जगायची. पहिला मोसम अर्धा होत नाही तोवर प्रत्येकाचं रडगाणं सुरू होतं: या टीममधनं बाहेर कसं पडायचं?

सगळ्यात महागात पडतं ते मुद्दाम वाईट खेळणं. मिरजेचा एक पोरगा मला म्हणाला, "दादा, पास सोडतोय, पेनल्टी घेतोय, तरी ही लोकं मला विकंनात. उलट खालच्या लीगमध्ये टाकलं की!" टाकणारच. बदली मागणाऱ्या गुरुजींनी शाळेत यायचंच बंद केलं तर बदली होत नाही, निलंबन होतं. ट्रेड म्हणजे देवाणघेवाण. समोरच्या संघाला तुमच्या बदल्यात खेळाडू किंवा ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायची पाळी) द्यावा लागतो, आणि पडलेल्या मालाला कोण काय देणार? खराब खेळणाऱ्याची रवानगी एएचएल या खालच्या लीगमध्ये होते, तिथून वर यायलाच अर्धा मोसम जातो.

खऱ्या हॉकीतलं उदाहरण पॅट्रिक रॉयचं. डिसेंबर १९९५ मध्ये मॉन्ट्रियलचा हा गोलरक्षक घरच्या मैदानावर डेट्रॉइटविरुद्ध नऊ गोल खाऊन बाहेर आला आणि संघाच्या अध्यक्षांना तिथल्या तिथं सांगून मोकळा झाला, की मॉन्ट्रियलसाठी ही माझी शेवटची मॅच. चार दिवसांत तो कोलोरॅडोत होता आणि १९९६ चा स्टॅन्ली कपही (एनएचएलचं विजेतेपद) त्यानं तिथं जिंकला. हे जमलं, कारण त्याआधी १९८६ आणि १९९३ चे कप त्याच्या नावावर होते. नाव नसताना असला रुबाब केला असता तर कुणी विचारलं नसतं.

म्हणून आधी ग्रेड सुधारा. मॅचनंतर पोझिशन, टीम प्ले आणि स्टॅट्स असे तीन ग्रेड दिसतात. पोरं फक्त तिसऱ्याकडं बघतात. मिरजेच्या त्याच पोराला मी शेजारी बसून खेळताना बघितलं. खेळाडू लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या कडेचा फॉरवर्ड, पण पक (रबरी चकती) आपल्या गोलमागं गेला की हा कोपऱ्यात धावायचा, तिथनं उजवीकडं, पुन्हा मागं. कोपरा बचावपटूंनी आणि सेंटरनं (मधल्या फॉरवर्डनं) सांभाळायचा असतो. बचाव करताना विंगरनं वर, ब्लू लाइनजवळच्या (बर्फावरच्या निळ्या रेषेजवळच्या) प्रतिस्पर्धी बचावपटूवर लक्ष ठेवायचं. त्याला म्हटलं, तिथंच थांब, पक आपल्याकडं आला की पहिला पास तुलाच मिळणार. हे जमलं की पोझिशनचा ग्रेड आपोआप वर येतो. शिफ्टही (बर्फावरची एक पाळी) लांबवू नका. खरे खेळाडू पाऊण मिनिटात बाहेर येतात, इथं पोरं दम संपेपर्यंत बर्फावरच.

दुसरी तक्रार येते, "व्हिडिओत दाखवलेलं ट्रेडचं बटणच सापडत नाही." व्हिडिओ कुठल्या भागाचा आहे ते आधी बघा. २०२० मध्ये आलेल्या एनएचएल २१ पासून या मोडची मांडणीच बदलली. आता प्रशिक्षक, जनरल मॅनेजर आणि एजंट यांच्याशी बोलणं होतं, आणि तुमच्या उत्तरांवर व्यवस्थापन, सहकारी व ब्रँड यांचे आकडे हलतात. जुन्या भागातला मेनू नव्यात शोधत बसलात तर रात्र जाईल. घाईघाईनं बटण दाबत ही संभाषणं उडवणं हीच इथली मोठी चूक. स्वतःचाच डंका पिटणारी उत्तरं दिली की ब्रँड वाढतो, पण सहकाऱ्यांची मर्जी जाते. मॅनेजरनं मॅचसाठी एखादं लक्ष्य दिलं तर ते पूर्ण करा, नाराज व्यवस्थापनाकडून काही मिळवणं अवघड.

कॅलेंडर सिम करताना, म्हणजे मॅच न खेळता दिवस पुढं ढकलताना, हात आवरा. एनएचएलची ट्रेड डेडलाइन, म्हणजे ट्रेडची शेवटची तारीख, मार्चच्या सुरुवातीला असते. २०२५ मध्ये ती ७ मार्चला होती आणि त्याच दिवशी मिक्को रांटानेन हा खेळाडू कॅरोलायनातून डॅलसला गेला. डिसेंबरातून थेट एप्रिलमध्ये उडी मारली, तर अदलाबदलीचा सगळा काळ मागं पडतो. थोडे थोडे दिवस पुढं सरका.

आता कुठली टीम मागायची? इथं पोरं डोळे मिटून कोनोर मॅक्डेव्हिडच्या एडमंटनचं नाव घेतात. अरे, तू सेंटर! तिथं मॅक्डेव्हिड आणि ड्रायसाइटल हे दोघंही सेंटर, मग तुझ्या वाट्याला तिसरी लाइन (एकत्र उतरणारं फॉरवर्डचं त्रिकूट) आणि मोजकी मिनिटं. संघात फॉरवर्डच्या चार लाइन असतात, म्हणजे सेंटरच्या जागा चारच. गोलरक्षकाचं तर आणखी कठीण, खेळतो एकच, दुसरा बाकावर. नाव मोठं असण्यापेक्षा तुमच्या जागेवर भोक असलेला संघ शोधा. लाइनअप उघडा, पहिल्या दोन लाइनवर तुमच्यापेक्षा कमी रेटिंगचा खेळाडू कुठं आहे ते बघा. माझ्या मते दोन संघांत डावं-उजवं ठरत नसेल, तर ज्याचा पहिला सेंटर म्हातारा झालाय तो घ्यावा.

करारावर सही करतानाही सांभाळा. बाहेर पडायचं मनात असताना लांब मुदतीचा, जाड पगाराचा करार करू नका. लीगमध्ये संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा आहे, २०२४-२५ साठी ती ८ कोटी ८० लाख डॉलर होती. तिच्या काठावर असलेला संघ महागडा खेळाडू घेऊच शकत नाही. करार संपत आला असेल, तर ट्रेडसाठी भांडण्यापेक्षा कळ काढलेली बरी.

"यूटाचा संघ दिसतच नाही," असंही कुणीतरी विचारतं. सेकंडहँड एनएचएल २४ ची डिस्क असेल तर दिसणार नाहीच. तो गेम २०२३ चा आणि ॲरिझोनाचा संघ यूटाला गेला २०२४ मध्ये. रोस्टर (संघयादीचं) अपडेट टाकलं तरी आधीच सुरू केलेल्या करिअरमधले खेळाडू जागचे हलत नाहीत, त्यासाठी नवं करिअर लागतं. आणि लॅपटॉपसाठी शोधत असाल तर एनएचएल ०९ नंतर या मालिकेचा पीसीवर एकही भाग आलेला नाही. 'पीसी व्हर्जन फ्री' म्हणून मिळेल ते डाउनलोड करू नका.

राहिली लाईट. सेव्हचं चिन्ह फिरत असताना लाईट गेली तर फाइल खराब होऊ शकते, आणि मग कसला ट्रेड न कसली टीम. पीएस४ असेल तर मोठा निर्णय घेण्याआधी सेव्ह पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. पीएस५ च्या गेमची सेव्ह पेनड्राइव्हवर जात नाही, त्यासाठी पीएस प्लसचं क्लाउड लागतं. वर्गणी नसेल तर कन्सोल आणि टीव्ही दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.