रेड डॉट फुटलेला दिसत होता, दोष डोळ्यात निघाला
एअर रायफलवर हौसेनं रेड डॉट (नेम धरायला काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) लावला तर ठिपका गोल दिसेचना, स्वल्पविरामासारखा शेपूट काढलेला, वाटलं पीस खराब आलाय. मग मोबाईलचा कॅमेरा मागे धरून फोटो काढला तर एकदम गोल! म्हणजे माझ्याच डोळ्याचं सिलिंडर (डोळ्याच्या असमान वक्रतेचा, अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा नंबर), उजवा मायनस १.२५. ब्राइटनेस उतरवला, थोडं बरं वाटलं, पण पुरेसं नाही. शेवटी मित्राच्या प्रिझम स्कोपमधून (आत प्रिझम असलेल्या छोट्या नेमाच्या दुर्बिणीतून) बघितलं, त्यात नेमाची खूण काचेवरच कोरलेली असते आणि मागची आयपीस फिरवून फोकस लावता येतो, सिलिंडर त्यानं जात नाही म्हणून चष्मा ठेवूनच बघितलं, रेषा लख्ख, तोच घेतला. दहा मीटरच्या मॅचला स्कोप चालत नाही, तिथं छिद्रातून नेम धरायची पीप साइटच, तिच्या बारीक छिद्रामुळे धूसरपणा बराच कमी होतो.